बर्फाचा जबाब

माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर जे गृहस्थ तीन वर्षे भाडेकरू म्हणून राहिले, त्यांच्यावर मी एकूण अकरा नोटिसा बजावल्या. त्यांपैकी एकही त्यांनी स्वीकारण्याचे नाकारले नाही, एकाही उत्तराची मुदत चुकवली नाही आणि एकाही आरोपाचा इन्कार केला नाही. सुरतेत कामगार कायद्याचे काम करणाऱ्या एका वकिलांकडे मी पस्तीस वर्षे मसुदे लिहिले. पत्ता बदलून पळणारे, सही आपली नाही म्हणणारे, ऐन तारखेला आजारी पडणारे असे सर्व जातीचे प्रतिवादी मी पाहिले आहेत. सगळे कबूल करणारा प्रतिवादी मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याने माझ्या संतापाची जेवढी कुचंबणा केली तेवढी एकाही लबाडाला साधली नाही.

पहिली नोटीस पाण्याची होती. माझ्या खोलीच्या छतातून लाकडी कपाटावर थेंब पडू लागले, आणि त्या कपाटात महापालिका, वीज कंपनी, टपाल खाते व इतर कार्यालयांशी मी केलेला सारा पत्रव्यवहार वर्षवार बांधून ठेवलेला होता. मी तत्काळ दोन पानी नोटीस लिहिली व स्वतः जिना चढून दाराखालून सरकवली. तासाभरात तोच कागद उलट बाजूने भरून परत आला. अक्षर बारीक आणि सुवाच्य होते.

‘एक: पाणी माझेच आहे. दोन: काल दुपारपर्यंत ते बर्फ होते. तीन: आपल्या कपाटावर पडले याचे मनापासून वाईट वाटते. चार: ते दोनदा उकळून गाळलेले असल्यामुळे कागदावर डाग पडणार नाही.’

डाग पडला नाही. मी भिंगातून तपासले.

आमचे घर सुरतेतल्या लिंबायतच्या ज्या गल्लीत आहे तिथे भिंतीला भिंत लावून मागांचे कारखाने आहेत; त्यांना इथे ‘खातं’ म्हणतात. धुळे-जळगावकडून आलेली आमची माणसे दोन-दोन पिढ्या त्या खात्यांत राबली. दिवसाचे चोवीस तास खडखडाट. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक जण बोलतो ते ओरडूनच, आणि खात्याच्या आत तर बोलतच नाही. हातवारे करतो आणि ओठ वाचतो. अशा वस्तीत हे सर, कारण सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, इतक्या हळू बोलत की भाजीवाली त्यांचे ओठ पाहून मेथी द्यायची.

वागणे वेगळेच. दिसेल त्या वस्तूवर ते बोटाचे पेर आपटून कान देत. दार, माठ, कलिंगड, विजेचा खांब, एकदा तर माझे टेबल. ‘अण्णा, हा पाय आतून पोखरलाय,’ असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की ते सागवान आहे आणि पावती माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात टेबल बसले. त्यांनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही, याचा मला अधिक राग आला.

भर मे महिन्यात, ज्या दिवसांत सुरतेत माणूस बनियनही नकोसे करतो, त्या दिवसांत सर माकडटोपी, लोकरी हातमोजे आणि लेंगा अशा वेषात जिन्यावर भेटत. कारण वरच्या खोलीत त्यांनी आइस्क्रीमवाल्याकडचा जुना, शवपेटीएवढा डीप फ्रीझर आणून ठेवला होता, आणि दिवसाचा बराच काळ त्यांचे डोके त्यात असे. फ्रीझरच्या अंगावर हसऱ्या कुल्फीचे चित्र होते. आत कुल्फी नव्हती. आत बर्फाची एकच लादी होती, बाजूंनी थर्माकोलात गुंडाळलेली आणि वरून उघडी, म्हणजे ती वरून खाली सावकाश गोठावी आणि आतली हवा निघून जावी. कारखान्यातल्या लादीच्या पोटात दुधासारखा पांढरा पट्टा असतो, तो अडकलेल्या हवेचा. सरांना तो पट्टा चालत नसे. एक बुडबुडा दिसला की पूर्ण लादी रद्द. ती वितळायला ठेवायची, पाणी पुन्हा उकळायचे, पुन्हा गोठवायचे. मधल्या काळात माझे छत.

‘हे कशासाठी?’ असे मी दुसऱ्या नोटिशीत कलम सहाखाली विचारले. उत्तर द्यायला ते प्रत्यक्ष खाली आले. माझ्या पत्नीने चहा दिला. सरांनी कपावर टिचकी मारून तो तडा गेलेला नाही याची खात्री केली आणि बोलू लागले.

‘अण्णा, न्यूट्रिनो नावाचा एक कण असतो. आकाशातून येतो आणि पृथ्वीच्या आरपार निघून जातो. आत्ता बोलतोय तेवढ्यात तुमच्या अंगठ्याच्या नखातून अब्जावधी गेले.’

‘विनापरवाना?’

‘पूर्ण विनापरवाना. कशालाही धडकत नाहीत, म्हणून पकडता येत नाहीत. पण क्वचित एखादा फार मोठ्या ताकदीचा कण येतो आणि बर्फातल्या एखाद्या अणूवर आदळतो. तिथला बारीकसा भाग एका झटक्यात तापतो, फुगतो, आणि टक् असा आवाज होतो. आपल्या कानाला ऐकूच न येणाऱ्या वरच्या पट्टीतला. वहिनी तव्यावर पाण्याचा थेंब टाकतात ना, तसाच, फक्त फार लहान.’

‘आणि तो तुम्हाला माझ्या घरात ऐकायचा आहे?’

‘नाही हो. त्याला मैलोन्मैल बर्फ लागतो. दक्षिण ध्रुवावर आहे तेवढा.’

‘मग इथे काय ऐकता?’

सरांनी कप खाली ठेवला. ‘माझ्या कानांत काही दोष आहे का, ते ऐकतो.’

या वाक्याचा अर्थ मला अकराव्या आणि शेवटच्या नोटिशीच्या वेळी समजला. ती खोली खाली करण्याची होती. मी ती हातोहात द्यायला वर गेलो, तेव्हा सर फ्रीझरशेजारी स्टुलावर बसून एक जुनी छापील ईमेल वाचत होते. घड्या इतक्या वेळा पडल्या होत्या की कागदाचे नऊ तुकडे चिकटपट्टीने जोडलेले होते. त्यांनी माझी नोटीस घेतली आणि आपला कागद मला दिला. जणू देवाणघेवाणच.

वीसेक वर्षांपूर्वी हे गृहस्थ परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. ध्रुवावरच्या बर्फात खोल भोके पाडून त्यांत आवाज टिपणारे सेन्सर सोडायचे, असे त्या मंडळींचे काम चालले होते. सर त्या सेन्सरना ‘कान’ म्हणत. पोलादी कवचात बसवलेली नाण्याएवढी चकती, तिला केसासारख्या तारा, आणि त्या तारांचे डाख, म्हणजे कथलाचे जोड, सरांच्या हातचे. ध्रुवावर दुसरे गेले; सरांना आले ते एक छायाचित्र, पांढऱ्या जमिनीत काळे भोक आणि त्यात उतरणारी दोरी. आशा अशी होती की त्या थंडगार बर्फात आवाज खूप लांबवर जाईल, म्हणजे थोडे कान पेरून प्रचंड प्रदेशावर पहारा ठेवता येईल. पण मापे आली ती निराळी. आशेपेक्षा फार लवकर बर्फ आवाज गिळत होता. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण शास्त्रज्ञाने सरांना लिहिले होते: ‘आपण सेन्सर पाण्यात तपासले होते. थंडीत ते कमी ऐकू लागले असतील का?’

एवढेच वाक्य. मी ते तीनदा वाचले.

‘हा आरोप आहे!’ मी म्हणालो.

‘प्रश्न आहे, अण्णा.’

‘प्रश्नाचा वेष घातलेला आरोप! मी आयुष्यभर हेच लिहीत आलो, मला शिकवू नका. तुम्ही काय उत्तर दिलं?’

‘माहीत नाही, असं. खरंच माहीत नव्हतं.’

‘आणि नंतर?’

‘नंतर ते काम संपलं. माणसं दुसरीकडे गेली. मी परत आलो, इथे कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो. निवृत्त झालो.’ त्यांनी फ्रीझरच्या झाकणावर हात ठेवला. ‘त्याच खेपेतले तीन कान मला निरोपाला भेट मिळाले होते. नितळ बर्फात बसवायचे, गार करायचे, आणि एक बारीक टक् ऐकवून पाहायची. पाण्यात ऐकत होते त्यापेक्षा कमी ऐकतात की नाही? ध्रुवाइतकी थंडी इथे नाही, पण कल कुठे आहे तेवढं कळेल. डाख माझे आहेत, अण्णा. कळायला हवं.’

वीस वर्षे हा माणूस एका प्रश्नचिन्हाखाली राहत होता, आणि मी त्याला छताच्या थेंबांबद्दल छळत होतो. मी नोटीस परत मागितली. सरांनी ती दिली, पण मागच्या बाजूला ‘कलम दोन मान्य’ असे लिहून झाले होते.

त्या दिवसापासून मी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्यांनी दिले नव्हते.

अडचण एकच होती, शेजारचे खाते. धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आपटला की भिंत हादरे, आणि लोखंडावर लोखंड पडले की सरांच्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ वेड्यासारखी उसळे. त्या खडखडाटात बारीक टक् शोधणे अशक्य होते. साप्ताहिक सुट्टीला माग बंद असत, पण त्या दिवशी दुरुस्तीचे हातोडे चालत, ते आणखी वाईट. सरांना हवी होती फक्त पंधरा मिनिटांची शांतता.

मी लेखणी उचलली. महापालिकेला लिहिले, प्रदूषण नियंत्रणवाल्यांना लिहिले, पोलीस ठाण्याला प्रत दिली, वीज कंपनीला स्मरणपत्र दिले. शांततेचा हक्क, शेजाऱ्याची कर्तव्ये, निवासी क्षेत्रातील ध्वनीची मर्यादा असे सर्व मुद्दे मी मांडले. खात्याच्या शेठला नोंदणीकृत टपालाने पाच पत्रे गेली, तो माझ्या दारापासून वीस पावलांवर बसत असताना. सहा महिन्यांत मला तीन उत्तरे आली. तिन्हींत माझा अर्ज योग्य विभागाकडे पाठवल्याचे कळवले होते, आणि तिन्ही विभाग वेगळे होते.

एका सकाळी माझी पत्नी दूध आणायला निघाली. परत येऊन तिने पातेले गॅसवर ठेवले आणि म्हणाली, ‘अहो, शेठ म्हणाले गुरुवारी तीन वाजता बंद करतो.’

‘कोणत्या आदेशाने?’

‘आदेश कसला? मी म्हटलं, भाऊ, आमच्या सरांना जरा काम आहे, पंधरा मिनिटं माग थांबवाल का? ते म्हणाले, अरे बेन, एमां शुं? त्यात काय? पंधरा मिनिट तर चहा प्यायला जातात.’

मी शेठकडे गेलो. तो हिंदोळ्यावर बसून माझीच पत्रे एका पिशवीत भरत होता.

‘काका,’ तो म्हणाला, ‘तुम्ही कोई दिवस पूछ्युंच नाही. नुसतं टपाल मोकलता. माझी बायडी बोलली, बाजूवाला काका एवढा जाडा लिफाफा पाठवतो, नक्की काहीतरी केस आहे, खोलू नको.’

‘म्हणजे तुम्ही एकही पत्र उघडलं नाही?’

‘वकीलला दिली, त्याने वाचून परत मोकली. वकील बोलला, भाषा एक नंबर छे.’

गुरुवारी दुपारी तीन वाजता माग थांबले; शेठच्या सांगण्यावरून गल्लीतल्या इतर खात्यांतलेही. मी वर, सरांच्या खोलीत, भिंतीला टेकून उभा होतो. फ्रीझरही बंद केलेला. लादी काचेसारखी, आरपार फ्रीझरच्या तळावरचा छापील शिक्का वाचता येत होता. तिच्यात तीन कान गोठलेले. हिरवी रेघ प्रथमच सपाट झाली. सरांनी माकडटोपी काढली, आणि मला ते देवळात शिरल्यासारखे वाटले.

अर्ध्या मिनिटात गल्लीतले एक बाळ रडू लागले. मग दुसरे. मग मोजता येईनात. त्या मुलांचा जन्म मागांच्या आवाजातला. तो आवाज हीच त्यांची अंगाई, ती तुटताच सगळी एकदम जागी झाली. पाठोपाठ जिन्याखाली माणसांचा गलका. मला कारण लगेच उमगले नाही. आमच्या गल्लीत चालू पाळीत माग थांबतात ते एकाच प्रसंगी, कोणी वारले तर. शेठने कारागिरांना सांगितले होते की वकीलकाकांच्या, म्हणजे माझ्या, घरासाठी बंद करायचे आहेत. पुढचे माणसांनी आपापले जुळवले होते.

‘काबर बंद पडनात माग? कोना घर मयत शे?’ समोरच्या मावशी ओरडत आल्या.

मी खिडकीतून डोके बाहेर काढले. खाली पंधरा-वीस माणसे, काहींच्या खांद्यावर रुमाल, एकाच्या हातात फुलांचा हारही.

‘अवं माय! वकीलबाबा त आठे उभा शेतस!’ मावशी म्हणाल्या. हार आणणाऱ्याने तो पाठीमागे लपवला. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता त्याचे वर्णन मी इथे करणार नाही, पण तो निव्वळ आनंदाचा नव्हता.

इकडे माझा संताप शिगेला. सहा महिन्यांची लढाई, आणि ही माणसे ती माझ्याच मयतात बुडवत होती. सर्वांना खडसावून गप्प करण्यासाठी मी तरातरा दाराकडे निघालो. तोच सरांनी पहिल्यांदाच, तीन वर्षांत एकदाच, आवाज चढवला.

‘अण्णा! जागेवर!’

मी थबकलो. पडद्यावरची रेघ कडेपर्यंत उसळून खाली बसली होती.

‘ती माणसं रडू देत, ओरडू देत,’ सर पुन्हा हळू आवाजात म्हणाले. ‘त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, माझ्या कानांना तो पोचतच नाही. पण तुमच्या कमरेला तो किल्ल्यांचा जुडगा आहे ना...’

धातूवर धातू घासला की जो अतिबारीक नाद निघतो, तो नेमका त्या कानांच्या पट्टीत बसतो. माझ्या जुडग्यात घराच्या, कपाटांच्या, पेट्यांच्या मिळून बावीस किल्ल्या आहेत. वर आल्यापासून मी चारदा पाय बदलला होता आणि दोनदा खिडकीशी गेलो होतो. गल्लीतले एकूण एक मूल, मावशी आणि ती सगळी शोकसभा निर्दोष होती. शांततेचा भंग करणारा इसम एकच होता, आणि त्याने सहा महिने शांततेसाठी अर्ज केले होते.

उरलेला सगळा वेळ मी तो जुडगा दोन्ही मुठींत घट्ट आवळून, श्वास रोखून उभा राहिलो. सरांनी एकामागून एक टक् सोडली आणि आकडे लिहून घेतले. आपल्याला काहीच ऐकू येत नव्हते. साडेतीनच्या सुमारास, म्हणजे ठरल्यापेक्षा दुप्पट वेळाने, शेठने माग सुरू केले. बाळे झोपली.

हिशेबाला सरांनी चार दिवस घेतले. ते चार दिवस मी निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखे काढले. जेवण गोड लागेना. पाचव्या सकाळी ते खाली आले, एक कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘सुटलो, अण्णा.’

‘म्हणजे?’

‘थंडीत कान कमी ऐकत नाहीत. उलट किंचित जास्तच ऐकतात. तिन्ही. डाख पक्के आहेत.’

मी टाळी वाजवली. पत्नीला हाक मारली, साखर आणायला सांगितली. मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. सुटलेल्या आरोपीचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. हा तसा नव्हता.

‘काय झालं?’

‘मला वाटत होतं की मी दोषी निघावं,’ ते म्हणाले. ‘डाख माझे कच्चे निघाले असते, तर बर्फ चांगला ठरला असता. आवाज लांब जातो, फक्त आमचे कान मंद होते, असं. मग पुन्हा कोणीतरी चांगले कान घेऊन गेलं असतं आणि ती टक् ऐकली असती. आता मी चांगला ठरलो आणि बर्फ...’ ते हसले. ‘बर्फ खरंच आवाज गिळतो. त्याचा जबाब खरा होता.’

शिक्षेची आशा बाळगून वीस वर्षे वाट पाहणारा आरोपी! पत्नी साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने ती सरांच्या पुढे केली आणि म्हणाली, ‘तोंड तर गोड करा. बर्फ काही तुमचा मुलगा नाही.’ सरांनी चिमूटभर घेतली.

त्या शास्त्रज्ञाला उत्तर लिहायला मी बसलो. मसुदा चार पाने झाला. ‘आमच्या अशिलाच्या निष्कलंक कारागिरीवर दोन दशके टांगलेली संशयाची तलवार’ असे त्यात एक वाक्य होते, ज्याचा मला आजही अभिमान आहे. सरांनी चारही पाने लक्षपूर्वक वाचली, छान आहे म्हणाले, आणि स्वतः तीन ओळी पाठवल्या: ‘आपल्या प्रश्नाचे उत्तर. थंडीत ते कमी ऐकत नाहीत. आकडे सोबत जोडले आहेत.’

दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. सरांनी ते मला मोबाइलवर वाचून, मराठीत सांगितले. तो तरुण आता पिकल्या केसांचा प्राध्यापक होता. त्याने फार आनंद व्यक्त केला होता, आकड्यांची स्तुती केली होती, इतरांनी इतर मार्गांनी केलेल्या तपासणीतही हाच कल दिसल्याचे कळवले होते, आणि शेवटी प्रांजळपणे विचारले होते: तो प्रश्न त्याने नेमका कधी विचारला होता? त्याला आठवत नव्हते.

‘आठवत नाही!’ मी खुर्चीतून उठलो. ‘वीस वर्षं! मी लिहितो त्याला. नोंदणीकृत! पोचपावतीसह!’

सर माझ्याकडे बघून हसू लागले. आधी नेहमीसारखे, आवाज न करता. मग खांदे हलू लागले, मग डोळ्यांतून पाणी आले, मग ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि गल्लीतल्या कोणत्याही कारागिरासारखे मोठ्याने, मागांच्या वरताण हसले. समोरच्या मावशी पुन्हा धावत आल्या. या वेळी हार कोणी आणला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी लादी फोडली. सुरतेतला सर्वांत नितळ बर्फ गल्लीने लिंबाच्या सरबतात घालून प्यायला, शेठसकट. तिन्ही कान सरांनी पुसून डब्यात ठेवले. मला वाटले प्रकरण निकाली निघाले. सरांच्या बहिणीच्या मुलीला नाशिकला नोकरी लागली होती आणि सरही पुढेमागे तिच्याकडे जाणार होते, तसे ते पुढल्या वर्षी गेलेही.

पण सरबताच्या दुसऱ्या दिवशी दारासमोर एक टेम्पो थांबला. चालक आणि सर मिळून गोणपाटात बांधलेली काही अवजड वस्तू उतरवत होते. चालकाने ती पायरीशी टेकवली आणि निघून गेला.

‘हे काय?’ मी विचारले.

‘मीठ, अण्णा. सैंधव. एकच खडा आहे, पण मोठा. गुरांच्या बाजारातून आणला.’ त्यांनी गोणपाटावर पेर आपटून कान दिला आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘जमिनीखाली मिठाचे डोंगरच्या डोंगर असतात. काही जणांचं म्हणणं आहे, बर्फ नाही तर मीठ आवाज लांब नेईल. आपण विचारून बघायला काय हरकत आहे?’

‘घरमालकाची लेखी परवानगी घेतली आहे?’

‘नाही.’

मी खडा पाहिला, जिना पाहिला, त्या अरुंद जिन्याची बावीस पायऱ्यांची चढण पाहिली. मग किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून पत्नीच्या हातात दिला.

‘आधी वर नेऊ,’ मी म्हणालो. ‘अर्ज नंतर द्या.’

आणि गोणपाटाचे दुसरे टोक धरले.